अल्बिनाच्या शुक्रवारच्या पंगती

लिपा गावात एक गोष्ट लोक कानाला तोंड लावूनच सांगत: अल्बिना वाव्रा आपल्या क्नेडलिकात, म्हणजे मैद्याच्या उकडलेल्या उंड्यांत, काहीतरी घालते. काय घालते यावर मात्र एकमत नव्हतं. टपाल वाटणारा म्हणायचा, नाल ठोकताना घोड्यांना देतात ना, ती गुंगीची पूड. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मिस ब्लाझेक म्हणायची, पूड कसली, तिच्या आजीने बोहेमियातून येताना मंत्र आणलाय, पीठ मळताना पुटपुटते, मी स्वतः ओठ हलताना पाहिलेत. (अल्बिना पीठ मळताना नवऱ्याला शिव्या देत असे. तो मरून बारा वर्षं झाली होती, पण सवय.) एका बाबतीत मात्र सगळे एक होते. लिपा कॉलेजच्या फुटबॉल संघाला चेंडू घेऊन पळणारा धड गडी मिळत नाही, तो त्या क्नेडलिकांमुळेच. पोरगा ऑगस्टमध्ये येतो तेव्हा हरीण असतो, नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याची गाय होते.

आता हे लोक म्हणजे कोण? आमचीच माणसं. अमेरिकेच्या नेब्रास्कातलं मक्याने वेढलेलं गाव, निम्मी आडनावं बोहेमियातली, म्हणजे चेक मुलखातली, आणि शनिवारी दुपारी सामना असला की चोरसुद्धा मैदानावरच असायचे. अशा गावात अफवेला पाय लागत नाहीत, चाकं लागतात.

अल्बिनाची खानावळ धान्याच्या कोठारासमोर होती. बाई बुटकी, हात मात्र खाटकाचे. चेहऱ्यावर राग कधी दिसायचा नाही, हीच तिची भीतीदायक गोष्ट. माणूस चिडला, ओरडला, की मोकळा होतो. अल्बिना मोकळी होत नसे. ती डूख धरायची, आणि धरलेला डूख लोणच्यासारखा मुरवत ठेवायची. एकदा ओटो झेमान तिच्या तोंडावर म्हणाला की तुझे ते गोड सारणाचे पाव, कोलाचे, कोरडे होतात. त्यानंतर वीस वर्षं ओटोच्या बशीत करपलेल्या कडेचा कोलाचच पडला. गंमत अशी की ओटोला करपलेली कडच आवडायची. तो मरेपर्यंत सांगत फिरला, अल्बिना माझ्यासाठी खास वेगळा काढून ठेवते. हे कळलं तेव्हा ती मयताच्या जेवणातून उठून गेली. तो सूड फसला म्हणून मला वाटतं पुढचा तिने इतका विचार करून घेतला.

पुढचा होता कोच वेंडेल ग्रीव्हवरचा.

आमच्या खेळात चेंडू काखेत मारून जो पळतो, त्याचं नाव पेपरात येतं. त्याच्यापुढे पाच रेडे वाकून उभे असतात. समोरच्या रेड्यांना रेटून ते त्याला वाट करून देतात. त्यांना आम्ही फळी म्हणतो. फळीतल्या माणसाचं नाव पेपरात दोनदाच येतं: चूक केली तर, आणि मेला तर. अल्बिनाचा एकुलता एक एमिल फळीत होता, डावीकडून दुसरा. अंगाने दरवाजा, स्वभावाने वासरू.

ग्रीव्ह आमच्याकडे आला तो डोक्यात एकच गोष्ट घेऊन. त्याला पळणारा घडवायचा होता. एका हंगामात चेंडू घेऊन हजार यार्ड तोडणारा. राज्याच्या मोठ्या विद्यापीठात कोच व्हायचं तर अशी एखादी मूर्ती घडवून दाखवावी लागते. त्याला रँडी कोल नावाचा पोरगा मिळाला, आणि एमिलच्या पाठीमागून पळत रँडीने त्या वर्षी हजाराच्या वर तीनशे यार्ड काढले. मधेच एमिलचा गुडघा सुजला. गावच्या डॉक्टरने सांगितलं, महिनाभर विश्रांती. ग्रीव्हने बाहेरगावचा डॉक्टर आणला, गुडघ्यात सुई टोचवली आणि म्हणाला, "रँडीचा हजार पुरा होऊ दे, मग हवी तेवढी विश्रांती घे." एमिल म्हणाला, बरं कोच. रँडीचा हजार झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी एमिलचा गुडघा गेला तो कायमचाच. आवाज मी सातव्या ओळीत बसून ऐकला. सुकलेली फांदी मोडते ना, तसा.

ग्रीव्ह इस्पितळात फिरकला नाही. तेही अल्बिनाने एक वेळ गिळलं असतं. पण हंगाम संपल्यावर कॉलेजात मेजवानी झाली, स्वयंपाक तिचाच होता, आणि ग्रीव्ह बोलायला उभा राहिला. रँडीचं कौतुक झालं, रँडीच्या आईचं झालं, रँडीच्या बुटांचंसुद्धा झालं. शेवटी म्हणाला, "आणि हो, फळीतल्या त्या दांडग्या पोराचेही आभार. तो आपला, लंगडतो तो... एल्मर!"

कुणीतरी हळूच म्हणालं, "एमिल."

"एमिल, एल्मर, काय ते! अहो, पाठीमागून सगळे सारखेच दिसतात!"

अख्खा हॉल हसला. मीही हसलो असणार, इतरांपेक्षा शहाणा नव्हतो. एमिलसुद्धा हसला. अल्बिना हातात क्नेडलिकांची परात घेऊन दारात उभी होती. तिने परात टेबलावर ठेवली. इतकी हळू, की टेकल्याचा आवाज आला नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कोबी चिरताना ती नणंदेला म्हणाली, "रोझी, या माणसाला आणखी एक हजारवाला हवाय. मोठ्या विद्यापीठाने सांगितलंय म्हणे त्याला, एकदा घडला तर नशीब, दुसऱ्यांदा घडवलास तर कोच. तो दुसरा त्याला मी मिळू देणार नाही."

"तू काय करणार? पोरांचे पाय बांधणार?"

"मी काय करणार! खानावळवाली बाई मी. स्वयंपाक करीन."

नणंद रोझी म्हणजे गावची दवंडी. दुपारच्या आत आम्हा सगळ्यांना अल्बिनाची प्रतिज्ञा ठाऊक झाली होती. आम्ही हसलो. त्यानंतर काही आठवड्यांनी जे झालं त्याने तर सगळेच गहिवरले. अल्बिनाने जाहीर केलं की हंगामात दर शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजच्या फळीला तिच्याकडे जेवण फुकट.

"क्षमा याला म्हणतात," फादर हान्झलिकांनी रविवारी प्रवचनात सांगितलं. बिचारे फादर. जिने उपास म्हणून जन्मात शुक्रवारी मांसाला बोट लावलं नाही, पोपने सूट दिल्यावरही नाही, ती बाई शुक्रवारी डुक्कर भाजायला घेते, तिथेच आम्ही ओळखायला हवं होतं. पण फळीला खाऊ घालणं म्हणजे आमच्याकडे पुण्यकर्म. कुणाच्या मनात पाप येणार?

आणि काय त्या पंगती! भाजलेलं डुक्कर, बदकाच्या चरबीत शिजवलेला आंबट कोबी, वर दाट रस्सा. क्नेडलिकांचे उकडलेले लांबोडे ती शिवणाच्या दोऱ्याने कापायची, सुरीने कापले तर चिकटतात म्हणून, आणि वाफ निघत असताना ताटात टाकायची. मग आलुबुखाराचे कोलाचे, मग खसखशीचे कोलाचे, आणि दुधाचे तांबे. पोरं तिला बाबी म्हणायची, म्हणजे आजी. ताट रिकामं दिसलं की बाबी वाढायची, आणि भरलेलं दिसलं की रुसायची. मग पोरांनी करायचं काय?

"बस्स, बाबी, आता खरंच नाही."

"नाही कसं? माझा एमिल तुझ्या वयाचा होता तेव्हा याच्या दुप्पट खायचा."

एमिल कोपऱ्यात कोठारावरून आल्या कपड्यांनी बसलेला असायचा. तो काही बोलत नसे. पुढच्या मेजवानीत ग्रीव्हने अल्बिनाला पितळी पाटी दिली, 'संघाची आई' असं कोरलेली, आणि माइकवरून सांगितलं, "यंदा आपल्या फळीचं वजन बघा! भिंत झालीय, भिंत!" अल्बिनाने पाटी गल्ल्याच्या वर टांगली. रोज पुसायची.

रँडी कॉलेज संपवून गेला होता, पण ग्रीव्हने नवे पळणारे शोधण्यात कसूर केली नाही. कॅन्ससहून एक आणला, जो वाऱ्यासारखा पळायचा पण कुत्रं भुंकलं की चेंडू टाकायचा. एक आणला आयोवाचा, त्याचे पाय चांगले होते पण त्याला डावं-उजवं कळायला वेळ लागायचा. ग्रीव्ह त्यांना नदीकाठच्या वाळूत पळवी, कमरेला ट्रॅक्टरचे टायर बांधून चढावर पळवी, चेंडूला चरबी फासून पकडायला लावी. पाय हलके व्हावेत म्हणून त्यांना मिस ब्लाझेककडे पोल्का शिकायला पाठवलं. तीन महिन्यांत पोरं पोल्का फार सुरेख नाचू लागली. आयोवावाल्याने तर तिथेच लग्न जमवलं.

आणि तरी दर शनिवारी तेच. सामन्याच्या चारपैकी पहिली तीन सत्रं पोरगा झकास पळायचा, आम्ही टोप्या उडवायचो. चौथ्या सत्रात काय व्हायचं देव जाणे, जिथे फट असायची तिथे हाडामासाचा डोंगर. पोरगा डोकं आपटून परत. सातशे यार्डांवर एकाचा हंगाम संपला, सव्वासातशेवर दुसऱ्याचा. रविवारी ग्रीव्ह अंधाऱ्या खोलीत सामन्याची फीत लावून बसायचा, मागे, पुढे, मागे, पुढे. पडद्यावर तो एकाच माणसाला बघायचा. पळणाऱ्याच्या पायांना. त्याच पडद्यावर पाच जण गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकताना दिसत होते, ते त्याच्या डोळ्यांत शिरतच नव्हते. पाठीमागून सगळे सारखे.

मग अफवा त्याच्या कानावर गेली, आणि त्याने फर्मान काढलं: पळणाऱ्या एकाही पोराने वाव्राच्या खानावळीची पायरी चढायची नाही. पळणारे त्याच्या स्वतःच्या घरी जेवू लागले. उकडलेली अंडी, कोंबडीचा तुकडा, आणि समोर बसून घास मोजणारा कोच.

"मिसेस वाव्रा, गैरसमज नसावा," तो गल्ल्याशी येऊन म्हणाला. "लोक बोलतात म्हणून."

"छे हो कोच, गैरसमज कसला. तुमची पोरं, तुमची काळजी."

"फळीचं मात्र चालू ठेवा हं."

"ते काय सांगायला हवं?" अल्बिना म्हणाली. माझ्या समोरची कॉफी त्या वेळी नाकातून बाहेर यायची राहिली, कारण तोवर मला तिच्या डावाचा वास येऊ लागला होता. पण मी गप्प राहिलो. इतका चांगला तमाशा कोण बंद पाडणार?

चौथ्या वर्षी लमॉन्ट पेटवे आला.

ओमाहाचा सावळा, बारीक चणीचा पोरगा. आई तिथे शहरात बस चालवायची. बापये असोत की बाया, सगळ्यांना सर आणि मॅम म्हणायचा, आणि त्याला एक वाईट खोड होती: तो प्रश्न विचारायचा. रँडी कोलच्या वर्षाची फीत बघता बघता त्याने ग्रीव्हला विचारलं, "कोच, हा चौसष्ट नंबर कोण?"

"कोण? तू रँडीचे पाय बघ."

"पाय बघितले सर. पण वाट तर चौसष्ट करतोय. कोण आहे तो?"

"ए वरून काहीतरी होतं. पाय बघ!"

पोराने बाहेर येऊन गावात विचारलं आणि दुसऱ्या दिवशी कोठारावर जाऊन एमिलसमोर उभा राहिला. तिथून रोज संध्याकाळी ते दोघं खानावळीच्या मागच्या अंगणात. एमिल मक्याची रिकामी पोती मांडायचा, त्यांना फळी म्हणायचा, आणि लंगडत लंगडत त्यांच्यामधून चालून दाखवायचा.

"पाय नको बघूस रे. पाय फसवतात. फळीतल्याची कंबर बघ. ती वळेल तिकडे वाट."

"आणि कंबर वळलीच नाही तर?"

"तर तो दमलाय. मग थांब. इतर पळणारे थांबत नाहीत म्हणून आपटतात. एक श्वास थांब, तो पडता पडता एक बाजू तरी घेऊन पडेल. त्याच्यावरून जा."

"त्याला लागेल ना?"

एमिल हसला. खरोखरचा, मोठ्याने. स्वयंपाकघराच्या खिडकीत अल्बिनाचा हात पिठात थांबला. गुडघा गेल्यापासून तिने हा आवाज ऐकला नव्हता. तिने पोराला कोलाच देऊ केला.

"नको मॅम. कोचनी मनाई केलीय. पाणी चालेल."

"कोच इथे नाहीये."

"पण मी हो म्हटलंय ना, मॅम."

आता पंचाईत झाली. लमॉन्ट त्या दमलेल्या फळीमागेही पळू लागला. थांबायचा, बघायचा, आणि उंदरासारखा निघायचा. आणखी एक करायचा: पाच पावलं पळाला की परत येऊन पाची जणांना हात देऊन उठवायचा, नावं घेऊन. ऑक्टोबर सरता सरता ग्रीव्हच्या चेहऱ्यावर चार वर्षांनी रंग आला. अल्बिनाने शुक्रवारी क्नेडलिकांचे दोन लांबोडे वाढवले. तरी पोरगा पळतच राहिला. शेवटचा सामना उरला, गावातच, आणि हजाराला ऐंशी यार्ड कमी. मोठ्या विद्यापीठाचा माणूस बघायला येणार असं ग्रीव्ह बँकेत, पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर सांगत सुटला.

गुरुवारी दुपारी एमिल खानावळीत आला. गिऱ्हाईक म्हणून मी एकटाच होतो, आणि मी बहिरा आहे असं त्या घरात समजत. मी तो समज कधी दूर केला नाही.

"आई, या पोराला सोड."

"मी कुठे धरलंय त्याला?"

"मी चार वर्षं त्या कोपऱ्यात बसतोय. मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

अल्बिना कोबी चिरत राहिली. "दिसतं, तर बोलला का नाहीस?"

"बरं वाटायचं," एमिल म्हणाला. "खोटं का सांगू. आधी बरं वाटायचं. पण आता तुझा सूड या पोराला गाठतोय, आणि पोरगा चांगला आहे. आई, गुडघा माझा गेला. राग तुला का एवढा?"

"कारण तुला येत नाही!" सुरी पाटावर आपटली. तिचा चढलेला आवाज मी जन्मात तेवढाच ऐकला. "तो तुला एल्मर म्हणाला आणि तू हसलास. हसलास तू! घरात कुणाला तरी राग यायला नको? तो माणूस तुझ्या गुडघ्यावर पाय देऊन वर चढणार, आणि मी काय त्याला शिडी धरू?"

एमिल मग टोपी घालून कोठारावर गेला.

तिने ऐकलं असेल असं वाटतंय तुम्हाला? शुक्रवारी तिने डुकराबरोबर हंससुद्धा भाजला. फळीचा मधला, डुएन स्वोबोदा, पोटावर हात ठेवून म्हणाला, "बाबी, उद्या मोठा सामना आहे. आज बेतानं घेतो."

"मोठा आहे म्हणूनच खा. रिकाम्या पोटी कुणी लढाई जिंकलीय?"

तिने दोरा ताणला आणि आणखी एक लांबोडा कापला.

शनिवारी थंडी कडाक्याची. अल्बिनाच्या शेजारी बसली लमॉन्टची आई, ओडेसा पेटवे, पहाटे ओमाहाहून निघून आलेली. मी मागच्या ओळीत. ओडेसाबाईंनी डबा उघडला आणि तळलेली कोंबडी अल्बिनापुढे धरली.

"घ्या ना. तुमच्याच एमिलने शिकवलं माझ्या पोराला. फोनवर दुसरं बोलणंच नसतं. एमिल असं म्हणाला, एमिल तसं म्हणाला. मी म्हटलं, अरे, जेवलास का ते सांग!"

अल्बिनाने तुकडा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"हजार होवोत न होवोत," ओडेसाबाई म्हणाल्या, "मला पोरगा दोन्ही पायांनिशी घरी न्यायचाय. एवढंच देवाकडे मागते."

तीन सत्रांत लमॉन्टने साठ यार्ड काढले. चौथं सत्र लागलं आणि फळी बसली. डुएनच्या तोंडातून वाफ अशी निघत होती की वाटावं इंजिन आहे. लमॉन्ट थांबला, बघितलं, वाटच नव्हती, आपटला. पुन्हा. कधी दोन यार्ड, कधी तीन, कधी काहीच नाही. एकदा तिघे जण त्याच्या पायावर पडले आणि तो उठला तो एका पायावर. ग्रीव्हने त्याला बाजूला घेतलं, बुटावरूनच घोट्याला चिकटपट्टीचे वेढे दिले, पाठीत थाप मारली आणि परत ढकलला. त्या खेपेला चार यार्ड निघाले आणि पोरगा दोन्ही हातांवर रांगत उठला. नऊ यार्ड उरले होते. ग्रीव्ह पुन्हा पट्टी घेऊन वाकला.

ओडेसाबाई उभ्या राहिल्या होत्या. ओठ आत ओढलेले. अल्बिनाने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग हातातली कोंबडी रुमालात गुंडाळली, खिशात घातली, आणि पायऱ्या उतरून, कुंपणाचं फाटक ढकलून सरळ मैदानात. कोटाखाली एप्रन तसाच. मी मागोमाग. हे चुकवलं असतं तर मी स्वतःला क्षमा केली नसती.

"त्याला बसव," ती ग्रीव्हला म्हणाली.

"मिसेस वाव्रा? इथे येता येत नाही तुम्हाला."

"बसव त्याला. दोष त्याच्या पायांत नाही."

"मग कुठे आहे?"

"माझ्या स्वयंपाकघरात."

प्रेक्षकांच्या पुढच्या दोन ओळींनी हे ऐकलं, आणि तिथून ते वरपर्यंत वणव्यासारखं गेलं. ग्रीव्हचा चेहरा लाल झाला. "माझी पोरं दोन वर्षं तुमच्या दारात आलेली नाहीत! मी स्वतः वाढतो त्यांना!"

"तुझी पोरं किती आहेत रे वेंडेल?"

"दोन! लमॉन्ट आणि त्याच्या बदलीचा! का?"

अल्बिना मैदानाकडे बघत राहिली. तिथे पाच जण वाकून उभे होते, हात गुडघ्यांवर, पोटं लोंबलेली. ग्रीव्हने तिच्या नजरेमागे बघितलं, आणि सांगतो तुम्हाला, त्याला काहीही दिसलं नाही. "बाई, फळीचा काय संबंध इथे?" तो म्हणाला. मनापासून म्हणाला. चार वर्षांच्या मेहनतीने तिने खणलेला खड्डा ती त्याला बोटाने दाखवत होती, आणि तो आभाळाकडे बघत होता.

लमॉन्टला दिसलं. बाकावर घोटा धरून बसलेल्या त्या पोराने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा बाबीकडे, आणि तो हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून बाकाखाली ठेवलं.

"ऊठ!" ग्रीव्ह ओरडला. "नऊ यार्ड! नऊच!"

"राहू देत, कोच."

"मोठ्या विद्यापीठाचा माणूस बसलाय तिथे!"

"मग त्याला पाठवा," लमॉन्ट म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडू लागला.

मोठ्या विद्यापीठाचा माणूस सामना संपायच्या आधीच गाडीत बसला. पुन्हा त्याचा फोन आला नाही. ओडेसाबाई पोराला दोन्ही पायांनिशी घरी घेऊन गेल्या. घोटा तीन आठवड्यांत बरा झाला. तो परत लिपाला आला नाही, घराजवळच्या कॉलेजात गेला, आणि तिथे त्याने हजार ओलांडले. त्या संध्याकाळी फोन ग्रीव्हला नाही, एमिलला आला.

सोमवारी फळी खानावळीच्या दारात येऊन उभी राहिली. पाच जण उभे राहिले की आत उजेड यायचा नाही.

"बाबी, लोक म्हणतात ते खरं?" डुएनने विचारलं.

"लोक म्हणतात ते नाही. पण तुला कळलंय ते खरं." मग तिने त्यांची माफी मागितली, एकेकाचं नाव घेऊन. ग्रीव्हची नाही मागितली. कधीच नाही.

डुएनने पोटावरून हात फिरवला. "मग आता शुक्रवारी?"

"सूप."

"नुसतं?"

"नुसतं."

"...आणि कोलाचे?"

ग्रीव्हला कॉलेजने दोन वर्षांनी काढलं. दुसरीकडे कुणी घेतलं नाही. तो इथेच राहून शेतकऱ्यांना गारपिटीचा विमा विकू लागला, आणि गावात खानावळ एकच, म्हणून दुपारी अल्बिनाकडे जेवू लागला. ती त्याला वेळेवर, गरम, हसून वाढायची. एक क्नेडलिक. त्याने आणखी मागितला की म्हणायची, "संपले हो, वेंडेल." परात त्याच्या समोर भरलेली असायची. जेवणाचा हिशेब एमिल करायचा, आणि ग्रीव्हला रोज म्हणावं लागायचं, "किती झाले, एमिल?" एकदा चुकून एल्मर म्हणाला, तर त्या दिवशी रस्सासुद्धा संपला.

अफवा मात्र संपली नाही. बाई स्वतः मैदानात कबूल झाली, माझ्या स्वयंपाकघरात दोष आहे म्हणाली, मग आणखी काय पुरावा हवा? अजून लोक पुडीची आणि मंत्राची गोष्ट सांगतात.

खरं एवढंच. क्नेडलिकात मैदा, शिळा पाव, अंडी, दूध, यीस्ट आणि मीठ होतं. पळणाऱ्या कुठल्याही पोराच्या ताटात अल्बिनाने कधी काही घातलं नाही. ती चार हंगाम दर शुक्रवारी फळीतल्या पाच जणांना पोट फुटेस्तोवर जेवू घालत होती, म्हणजे शनिवारी चौथ्या सत्रात त्यांना हलता येऊ नये. आणि ते तिने मुद्दाम केलं.